इंजिनिअर झाली, आता संशोधक होऊ द्या

मार्चचा शेवटचा आठवडा होता. रविवारी सकाळी दापोडीतल्या एका घरी आम्हाला बोलावणे होते. घर दोन खोल्यांचे. वडील भोसरी एम.आय.डी.सी.तल्या एका हीट ट्रीटमेंटच्या छोट्या कारखान्यात सव्वीस वर्षे भट्टीवर आहेत. आई शिलाईचे काम घरी आणून करते. धाकटा मुलगा आय.टी.आय.ला फिटरचा कोर्स करतो. थोरली मुलगी यंदा धातुशास्त्राची बी.टेक. होते आहे. आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून कामाच्या शोधात आले आणि इथलेच झाले. पिंपरी-चिंचवडमध्ये आपली अशी हजारो घरे आहेत. वाचकांपैकी अनेकांना हे वर्णन आपल्याच घराचे वाटेल.

चहा झाल्यावर वडिलांनी दोन कागद आमच्यापुढे ठेवले. एक चाकणच्या एका कंपनीचे पत्र होते. मुलीची ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी म्हणून निवड झाली होती, जुलैत हजर व्हायचे होते. दुसरा कागद गेट परीक्षेच्या निकालाचा. त्यावर तिला एम.टेक.ला चांगल्या संस्थेत जागा मिळण्यासारखी होती.

"भाऊ, तुम्ही चार ठिकाणी हिंडता," वडील म्हणाले. "आमच्या घरात इंजिनिअर झालेली हीच पहिली. आता पगार सुरू होतोय. अजून दोन वर्षं शिकून काय होणार, ते तुम्हीच सांगा. आम्हाला यातलं कळत नाही."

मुलगी दाराशी उभी राहून ऐकत होती. आई म्हणाली, "तिचं मन नाही नोकरीत. पण आमचाही विचार करायला पाहिजे ना?"

आम्ही त्या घरी जे बोललो, तेच आज सर्वांसाठी लिहितो आहोत. कारण हा प्रश्न एका घराचा राहिलेला नाही. आपल्या पहिल्या पिढीने कारखान्याचे गेट पाहिले. दुसरीने मशीन हातात घेतले. तिसरी पिढी इंजिनिअर झाली. आता पुढची पायरी कोणती, याचा विचार समाजाने केला पाहिजे.

पिंपरीचे नाव विज्ञानात कसे गेले?

मुंबई-पुणे रस्त्यावरची एच.ए. कंपनी आपल्यापैकी कोणाला माहीत नाही? हिंदुस्थान अँटिबायोटिक्स. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने भारत सरकारने ती पिंपरीत उभारली. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, इथून काही मैलांवर देहूरोडला, बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. त्या वेळी पिंपरी हे एक खेडेच होते. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले.

पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लंडनला लावला. पण बशीतल्या बुरशीपासून रोग्याच्या सुईपर्यंत ते औषध पोहोचायला बारा-तेरा वर्षे लागली. का लागली? कारण शोध लागणे ही एक गोष्ट आणि तो माणसाच्या उपयोगी पडणे ही दुसरी. बुरशी मोठ्या टाकीत वाढवायची, तिला निर्जंतुक हवा सतत पुरवायची, टाकीचे तापमान सांभाळायचे, बाहेरचा एकही जंतू आत येऊ द्यायचा नाही, आणि शेवटी हजारो लिटर पाण्यातून ते नाजूक औषध न बिघडवता वेगळे काढायचे. हे काम एकट्या डॉक्टरचे नाही. त्याला जीवाणूशास्त्र येणारा लागतो, रसायनाचा इंजिनिअर लागतो, पंप आणि कॉम्प्रेसर कळणाराही लागतो. यालाच उपयोजित विज्ञान म्हणतात. निसर्गाचा नियम कामाला लावण्याचे शास्त्र.

एच.ए.ने नुसते परक्यांचे तंत्र गिरवले नाही. तिथे संशोधन विभाग होता. बुरशीशास्त्रज्ञ डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला बुरशीच्या रोगांवरचे एक नवे प्रतिजैविक शोधून काढले. कंपनीच्या नावावरून त्याचे नाव ठेवले हॅमायसिन. ज्या सूक्ष्म जीवापासून ते मिळाले, त्याला शास्त्रीय नाव दिले 'स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना'. पिंप्रिना म्हणजे पिंपरीचा! परदेशातला विद्यार्थी हॅमायसिनवरचा निबंध उघडतो, तेव्हा त्याला हे नाव उच्चारावे लागते. पिकांवरच्या बुरशीसाठी ऑरिओफंजिन हे औषधही याच प्रयोगशाळेतून पुढे आले.

हीच कंपनी पुढे १९९० च्या दशकात आजारी उद्योगांत गणली गेली. कामगारांचे पगार थकले, कुटुंबांचे हाल झाले. ते आपण डोळ्यांनी पाहिले. कारखान्याला वाईट दिवस येऊ शकतात. परंतु जे ज्ञान तिथे निर्माण झाले ते आजारी पडले नाही. ते पुस्तकात आहे आणि राहील. आम्ही त्या वडिलांना सांगितले, नोकरी कंपनीच्या हातात असते, विद्या आपल्या हातात असते.

एम.टेक. आणि पीएच.डी. म्हणजे नेमके काय?

पुष्कळ पालकांचा समज असा, की एम.टेक. म्हणजे बी.टेक.चेच आणखी थोडे. तसे नाही. पदवीपर्यंत मुलगा दुसऱ्यांनी सोडवलेली उदाहरणे सोडवायला शिकतो. एम.टेक. दोन वर्षांचे असते. त्यात पहिले वर्ष वरच्या दर्जाचे विषय आणि दुसरे वर्ष बहुतेक एकाच कामावर. प्रयोग करायचा, मोजमाप घ्यायचे, प्रबंध लिहायचा. पीएच.डी.ला त्याहून पुढे जावे लागते. ज्याचे उत्तर अजून कोणाजवळ नाही असा प्रश्न घ्यायचा आणि चार-पाच वर्षे त्याच्या मागे लागायचे.

हे सांगत असता वडिलांनी मध्येच विचारले, "म्हणजे ही कसला प्रश्न सोडवणार?"

मुलगी म्हणाली, "पप्पा, तुम्ही नाही का म्हणता, थंडीत सकाळच्या पहिल्या लॉटला तडे जातात म्हणून?"

वडील चमकले. मग ते बोलू लागले, आणि भट्टीवरचा माणूस आपल्या कामाविषयी बोलतो तेव्हा ऐकत राहावे असेच ते बोलणे होते. कार्बन पोलादाचा शाफ्ट लाल तापवून पाण्यात टाकतात. डिसेंबरात टाकीतले पाणी रात्रभर गार पडलेले असते. त्या दिवसांत पहिल्या लॉटमध्ये कीवेच्या कोपऱ्याला केसासारखा तडा दिसतो. म्हणून ते स्वतःच पाणी थोडे कोमट करून घेतात. "पण जास्त कोमट झालं की जॉब मऊ पडतो. हार्डनेस येत नाही. मग साहेब ओरडतो." कोणत्या जॉबला किती, याच्या नोंदी त्यांनी एका खिशातल्या डायरीत वर्षानुवर्षे ठेवल्या आहेत. ती डायरी त्यांनी कपाटातून काढून दाखवली.

मुलीने कारण सांगितले. साडेआठशे अंशांच्या आसपास तापलेल्या पोलादाची आतली घडण वेगळी असते. ते झटकन गार केले की मार्टेन्साइट नावाची कडक घडण तयार होते, आणि ती जागा जास्त व्यापते, म्हणजे पोलाद किंचित फुगते. बाहेरची साल आधी गार होऊन कडक होते, आतला गाभा नंतर फुगतो. आतून रेटा, बाहेर ठिसूळ कवच. जिथे कोपरा टोकदार, तिथे ते फाटते. पाणी जितके गार, तितका आतल्या-बाहेरच्या तापमानात फरक जास्त. उलट पाणी फार कोमट झाले तर तापलेल्या जॉबभोवती वाफेचा पापुद्रा जास्त वेळ टिकतो, उष्णता नीट निघत नाही, आणि जॉब मऊ राहतो.

वडील बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सव्वीस वर्षं हे मी करतोय. का होतं, हे आज कळलं."

वाचकहो, संशोधनाची याहून सोपी व्याख्या आम्हाला करता येणार नाही. 'काय करावे' हे कामगाराला ठाऊक असते. 'का होते' हे शोधणारा त्याच्याच घरातला असेल, तर त्या डायरीचे मोल त्याला दुसऱ्या कोणापेक्षा जास्त कळेल. ज्याने भट्टीची धग लांबूनही पाहिली नाही, त्याला हा प्रश्न सुचणारच नाही. आमच्या मुलांना काही कमी आहे असे समजून प्रयोगशाळेत पाठवू नका. ती स्वतःबरोबर काही घेऊन जातात.

खर्चाचा हिशेब

पोटाचा विचार न करता कोरडा उपदेश करणे आम्हाला मान्य नाही. म्हणून हिशेब मांडतो.

गेट परीक्षा फेब्रुवारीत होते, निकाल मार्चमध्ये लागतो. अर्ज त्याआधीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात भरावे लागतात. ही तारीख चुकली की वर्ष गेले. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना फी कमी आहे आणि पात्रतेचे गुणही कमी लागतात. पदवीच्या तिसऱ्या वर्षातही परीक्षा देता येते. मिळालेले गुण तीन वर्षे चालतात. हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवावे. यंदा नोकरी धरली तरी दार लगेच बंद होत नाही.

गेट पात्र विद्यार्थ्याने मान्यताप्राप्त संस्थेत पूर्ण वेळ एम.टेक.ला प्रवेश घेतला, की त्याला दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन दोन वर्षे मिळते. ट्रेनीच्या पगाराइतके ते नाही, हे खरे. पण मुलगी घरावर ओझे राहत नाही, हेही खरे. पुढे पीएच.डी.ला नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, घरभाडे वेगळे. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे. पुण्याच्या बार्टी संस्थेची बाबासाहेबांच्या नावाची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशी शिकायला जायचे तर राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. गावाकडून शिकायला येऊन ज्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही त्यांच्यासाठी स्वाधार योजना आहे.

दाखल्यांविषयी दोन शब्द. नवबौद्धांना राज्याच्या सवलती १९६० नंतर मिळू लागल्या, पण केंद्राने आपल्याला अनुसूचित जातीत धरले ते १९९० च्या दुरुस्ती कायद्याने. म्हणून राज्याच्या नमुन्यातला दाखला आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला हे वेगळे असतात. आय.आय.टी. किंवा राष्ट्रीय प्रयोगशाळेत अर्ज करताना केंद्राचा नमुना मागतात. तो आधीच काढून ठेवा. राज्यातल्या व्यावसायिक प्रवेशाला जात पडताळणीचे प्रमाणपत्र लागते. निकालानंतर तहसील कचेरीत धावाधाव करून जागा गमावलेली मुले आम्ही पाहिली आहेत.

जायचे कुठे, तर फार लांब नको. शिवाजीनगरचे सी.ओ.ई.पी. हे १८५४ पासूनचे अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ मध्ये स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाले. १९४९ साली स्थापन झालेले पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांच्या नावाने ओळखले जाते. तिथे भौतिक, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र अशा सर्व शाखांत एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते. पाषाणला १९५० पासूनची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे. बी.एस्सी., एम.एस्सी. झालेल्या मुलांनी ती डोळ्यांपुढे ठेवावी. वाहनांच्या संशोधनासाठी १९६६ साली स्थापन झालेली ए.आर.ए.आय. कोथरूडच्या टेकडीवर आहे आणि तिचे एक केंद्र तर चाकणलाच आहे. १९६७ पासून भोसरीत केंद्रीय मार्ग परिवहन संस्था आहे. आपण या फाटकांवरून बसने रोज जातो. आत काय चालते ते विचारायला मात्र आपण थांबत नाही.

धोके कोणते?

चांगले तेवढेच सांगून आम्ही निघालो असतो, तर त्या आईने आम्हाला माफ केले नसते. म्हणून कठीणही सांगितले.

अधिछात्रवृत्ती वेळेवर येईलच असे नाही. आमच्या परिचयाच्या एका मुलाचे पैसे आठ महिने अडले होते. त्या काळात त्याने शिकवण्या घेऊन खोलीचे भाडे भरले. २०२३ मध्ये बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावे लागले, हे वाचकांना आठवत असेल. म्हणून सहा महिन्यांचा खर्च हाताशी असल्याशिवाय पीएच.डी.ला पाऊल टाकू नये. दुसरे, मार्गदर्शक निवडताना घाई नको. त्यांच्याकडे आधी शिकलेल्या मुलांना भेटा. मुले किती वर्षांत बाहेर पडली, कुठे लागली, त्यांना कसे वागवले गेले, ते विचारा. तिसरे, एकटेपणा. प्रयोग सहा महिने फसतो आणि घरी ते कोणाला सांगता येत नाही. अशा वेळी 'कधी संपणार तुझं?' हा प्रश्न घरच्यांनी विचारू नये. 'आज काय केलंस?' एवढे विचारावे.

आणि चौथा धोका लग्नाचा. आईच्या मनात तोच होता. कमला सोहोनी १९३३ च्या सुमारास बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा मुलगी म्हणून त्यांना आधी नाकारण्यात आले होते. त्यांनी हट्ट सोडला नाही. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली, पुढे लग्न आणि संसार करून मुंबईत संशोधन केले. त्या सुस्थितीतल्या घरातून आल्या होत्या, हे खरे. पण दार त्यांच्यासाठीही बंदच होते. आपल्या मुलीला बाहेरचे दार उघडायचेच आहे. घरातले तरी आपण लावून घेऊ नये.

थांबावे लागले तर?

काही घरांना आज पगाराची गरज असेलच. कर्ज असते, आजारपण असते. त्या मुलांनी मनाला लावून घेऊ नये. बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम.ए. झाले, पुढे लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये संशोधन अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बोटीने पाठवलेली पुस्तकेही युद्धात बुडाली. मग त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात नोकरी केली, पैसे साठवले, उसने घेतले, शाहू महाराजांनी साहाय्य केले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. मध्ये तीन वर्षे नोकरी करावी लागली म्हणून विद्या थांबली नाही. आपण त्यांची जयंती करतो. त्यांच्या या तीन वर्षांचाही विचार करावा.

नोकरी धरणाऱ्याने दोन गोष्टी कराव्यात. पहिल्या पगारापासून ठरावीक रक्कम पुढच्या शिक्षणासाठी वेगळी टाकावी, आणि गेटचे पुस्तक माळ्यावर टाकू नये. कारखानाही बदलतो आहे, हे डोळ्यांआड करू नका. आकुर्डीत १९७२ पासून चेतक स्कूटर बनली. आपल्या कितीतरी माणसांनी तिची इंजिने जोडली. २०२० मध्ये चेतक पुन्हा बाजारात आली ती बॅटरीवर. तिला इंजिनच नाही! बॅटरी, मोटर आणि कंट्रोलर यांचे ज्ञान ज्याच्याकडे आहे, तो उद्याच्या कारखान्यात काय बनवायचे हे ठरवणार. ठरवणाऱ्यांच्या खोलीत आपले कोणी असावे की नाही?

समाजाने काय करावे?

एक साधी सूचना. आपल्या प्रत्येक विहारात, वस्तीतल्या मंडळात एक फलक असावा. त्यावर गेट, नेट, शिष्यवृत्ती यांच्या तारखा लिहाव्यात. वस्तीतल्या एम.टेक., पीएच.डी. झालेल्या मुलामुलींनी महिन्यातला एक रविवार दोन तास बसावे. जुनी पुस्तके एका कपाटात ठेवावीत. जयंतीच्या खर्चातून एका विद्यार्थ्याची परीक्षा फी निघाली तर मिरवणूक काही लहान होत नाही.

आम्ही निघालो तेव्हा दुपार झाली होती. निर्णय आम्ही दिला नाही, तो त्या घराचा होता. पंधरा दिवसांनी वडिलांचा फोन आला. वरची खोली बांधायची ठरली होती, ती दोन वर्षे पुढे ढकलली. धाकट्याने सांगितले, "माझी अप्रेंटिस लागली की मी घरात देईन, ताईला जाऊ द्या." कंपनीला नम्रपणे नकार कळवला. मुलगी एम.टेक.चे अर्ज भरते आहे.

"आणि भाऊ," वडील म्हणाले, "ती माझी डायरी मागतेय. अक्षर फार वाईट आहे हो माझं. बसून नीट लिहून काढतोय."

जयभीम.